डब्यातली चिठ्ठी

फराळाच्या ताटावर बसून कोणाशी भांडू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. परंतु काही भांडणे अशी असतात की ती पोटात ठेवली तर करंजीसुद्धा पचत नाही. माझे भांडण संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका पंथाशी आहे. आणि मी स्वतः त्याच पंथातला असल्यामुळे ते करण्याचा मला अधिकार आहे. 'संगणक' हा शब्द पाहताच पान उलटू नका, वाचकहो! भांडण मुळात तुमच्या स्वयंपाकघरातलेच आहे.

आजी आईला म्हणते, "करंज्या कर ग." आई काकूंना म्हणते, "वन्सं नाहीत, तुम्हीच सारण करा." काकू बंड्याला पिटाळतात, "नारळ घेऊन ये!" आता प्रत्येक जण हातातले काम तसेच ठेवून पुढच्याची वाट पाहत थांबला आहे. ही झाली हाकांची चळत. प्रोग्रॅमवाले तिला 'कॉल स्टॅक' म्हणतात. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट आधी उचलतात, तसेच इथे: नारळ आला की काकू मोकळ्या, काकू मोकळ्या झाल्या की आई. आणि बंड्या रिकाम्या हाताने परतला, तर नारळ कोणी मागितला होता व कशासाठी, हे त्या चळतीवरून कळते. ही युक्ती जुनी आहे. ॲलन ट्युरिंगने १९४५-४६ च्या सुमारास आपल्या नियोजित यंत्राच्या आराखड्यात परतीची वाट 'पुरून ठेवण्या'ची आणि पुन्हा 'उकरून काढण्या'ची सोय मांडली होती. जर्मनीत बाउअर आणि झामेलझोन यांनी १९५७ साली चळतीच्या कल्पनेचे पेटंट मागितले.

आता आमचा पंथ. त्याचे नाव 'फंक्शनल'. त्याची एक मानाची भाषा म्हणजे हास्केल. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी याच्या नावाची. ती घडवण्याचे १९८७ साली ठरले आणि १९९० मध्ये तिचा पहिला अहवाल निघाला. भाषा सोवळी आहे. परंतु तिचा एक स्वभाव असा की, मागितल्याशिवाय ती काही करीत नाही. काकूंनी सारण केले म्हणून डबा फडताळात ठेवला, तरी आत सारण नसते. "कोणी डबा उघडला की सारण करावे" अशी चिठ्ठी असते. या चिठ्ठीला 'थंक' म्हणतात. यामुळे पुष्कळ व्यर्थ श्रम वाचतात, हे मी नाकारीत नाही. पण दुपारी पाहुण्यांसाठी डबा उघडला आणि नारळच नाही असे निघाले, तर शिव्या कोणाला? अर्थात डबा उघडणाऱ्याला!

हे कल्पनेतले नाही. २०१८ साली एका कचेरीत कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम आम्ही काही जण लिहीत होतो. महिनाअखेरीस अहवाल छापता छापता तो कोसळला. यंत्राने एवढेच सांगितले: 'प्रेल्यूड डॉट हेड: यादी रिकामी.' 'हेड' म्हणजे यादीतली पहिली वस्तू काढून देणारे फंक्शन. आम्ही ते शेकडो ठिकाणी वापरले होते. कोणती यादी? कोणी मागितली? यंत्र मुके! छपाई चालू असताना कोसळला, म्हणून बोट गेले छपाईचा भाग लिहिणाऱ्या मुलीकडे. तिची ती पहिलीच नोकरी. दोन रात्री ती बिचारी स्वतःच्याच ओळी उसवीत बसली. वडीलधारी मंडळी दोन शब्द बोलली. त्यांत मीही होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही आमचे स्वतःचे 'हेड' लिहिले आणि त्याच्या घोषणेत 'हॅजकॉलस्टॅक' हा शब्द घातला. २०१६ च्या जीएचसी ८.० या कंपायलरमध्ये तो आलेला होता. या शब्दामुळे ते फंक्शन जिथून बोलावले, ती फाइल आणि ती ओळ कंपायलर बरोबर पाठवतो. पुन्हा प्रोग्रॅम कोसळला, पण या वेळी पत्ता सांगून. ओळ माझी होती! ज्या कर्जाचे पैसे अजून दिलेच नव्हते, त्याच्या हप्त्यांची यादी रिकामी असणार, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ती मुलगी काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता पंथातल्या पंडितांचे आक्षेप ऐका. पहिला: "आळशी भाषेत चळतीला अर्थच नाही, ती डबा उघडणाऱ्याचेच नाव सांगणार." यंत्राच्या आतल्या चळतीपुरते हे खरे आहे. पण हॅजकॉलस्टॅकने पाठवलेला पत्ता चिठ्ठीवरच लिहिला जातो. डबा दुपारी उघडा की चार दिवसांनी, चिठ्ठी कोठे लिहिली ते कळतेच. आमचा अपराधी सापडला तो याच कारणाने.

दुसरा: "आमच्या टाइपांची तपासणी इतकी कडक, की चूक उरेलच कशी?" अहो, 'हेड'ची घोषणाच सांगते, "यादी द्या, वस्तू घ्या." रिकाम्या यादीपुढे हे वचन खोटे ठरते, आणि तुमच्या कडक तपासनिसाने ते वर्षानुवर्षे चालू दिले! "मग 'मेबी' वापरा, म्हणजे 'असेल वा नसेल' असे कबूल करा," हा उपदेश योग्य आहे आणि मी तो पाळतो. पण केव्हातरी कोणीतरी "इथे तर असणारच" म्हणून डबा उघडतोच. पत्ता लागतो तो तिथे.

तिसरा आक्षेप वेगाचा. प्रत्येक हाकेबरोबर पत्ता वाहायचा म्हणजे थोडा भार पडणार. मान्य! म्हणून तो सगळीकडे घालू नका. जी फंक्शने तोंडघशी पडू शकतात त्यांत, आणि त्यांना बोलावणाऱ्यांत, एवढाच घाला. मात्र मधल्या एकाने जरी तो शब्द लिहिला नाही, तरी साखळी तिथेच तुटते. माझे भांडण आहे ते या मधल्यांशी. घोषणा सुबक दिसावी म्हणून ते पत्ता गाळतात, आणि त्या सुबकपणाची किंमत दुसऱ्याच्या दोन रात्रींनी चुकती होते.

भाषेच्या प्रमाण 'हेड'ला हा पत्ता मिळाला तो २०२२ मध्ये, जीएचसी ९.४ बरोबर. २०२३ च्या ९.८ पासून 'हेड' वापरताच कंपायलर सावध करू लागला. पहिल्या अहवालापासून मोजा: पत्त्याला बत्तीस वर्षे लागली! विद्वत्ता कमी नव्हती, पण चुकणाऱ्याची काळजी कोणाच्या यादीत पहिली नव्हती.

घरात "तुला कोणी सांगितले होते?" असे विचारतात, तेव्हा हेतू शिक्षेचाच असतो असे नाही. मधल्या कोणाचा उगाच बळी जाऊ नये, म्हणूनही विचारतात. आमच्या पंथाने एवढे घरगुती शहाणपण शिकावे. डब्यात चिठ्ठी ठेवा, खुशाल ठेवा. पण खाली आपले नाव घालत जा.