मसुदा सर्वांचा, तरच निर्णय सर्वांचा

ठरावांचे मसुदे शाखांकडे अभिप्रायार्थ पाठवावयाचे आणि ते तेथील कपाटात पडून राहावयाचे, ही पुरोगामी चळवळीची जुनी व्याधी आहे. मग अधिवेशनात ऐनवेळी दुरुस्त्यांचा पाऊस पडतो, नाहीतर टाळ्यांच्या गजरात सारे बिनतक्रार संमत होते. दोन्ही प्रकारांत सामान्य कार्यकर्त्याचा विचार दाराबाहेरच राहतो.

या संदर्भात डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मरण उद्बोधक आहे. असहकाराच्या ठरावामुळे ते गाजले. परंतु चार आण्यांचा सभासद, भाषावार प्रांत आणि पंधरा जणांची कार्यसमिती देणारी नवी घटनाही तेथेच मंजूर झाली. १९१९ च्या अमृतसर अधिवेशनात तिच्या मसुद्याचे काम गांधीजींकडे आले होते. लोकमान्यांच्या वतीने न. चिं. केळकर व देशबंधू दासांच्या वतीने आय. बी. सेन त्यांच्यासोबत होते. समितीची एकही बैठक होऊ शकली नाही. विचारविनिमय पत्रांनीच झाला. तरीही अहवाल एकमताचा आला, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. केळकर असहकाराविषयी साशंक होते. तो मतभेद मसुद्याच्या कामाआड आला नाही.

नागपुरातही मसुद्यावर डोळे मिटून शिक्कामोर्तब झाले नाही. स्वराज्याच्या ध्येयाविषयीच्या कलमाला मालवीय व जिना यांनी विरोध केला. गांधीजींनी प्रतिनिधींची मर्यादा १,५०० च्या आसपास सुचविली होती. विषयनियामक समितीने ती ६,००० केली. हा बदल उतावीळपणाचा होता, असे मत गांधीजींनी पुढेही मांडले. परंतु घटना राबविण्यात ते मागे राहिले नाहीत.

यातून दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. नेतृत्वाने मसुदा वेळेवर धाडावा, आलेल्या प्रत्येक सूचनेची नोंद ठेवावी आणि ती का स्वीकारली वा नाकारली हे शाखांना कळवावे. कार्यकर्त्यांनी मसुदा एकत्र बसून वाचावा, कोणत्या कलमात कोणता शब्द बदलावा हे कारणासह लिहावे. केवळ ‘मसुदा असमाधानकारक’ असा शेरा मारणे हा अभिप्राय नव्हे.

हे काम रुक्ष आहे, त्यात घोषणा नाहीत. परंतु ज्या ठरावात आपले एक वाक्यही विचारात घेतले गेले नाही, त्या ठरावासाठी तुरुंगात जाण्यास कार्यकर्त्याने तयार व्हावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?