एअर फ्रायर तळत नाही, आणि तेच बरं आहे

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि पंधरा दिवसांत आमच्या डोंबिवलीच्या घरात एअर फ्रायर आला. आणला मीच. डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलं होतं आणि बाबांचा सगळा जीव बटाटेवड्यात. मी चार रील्स पाहिल्या. चारही रील्समध्ये एकच वाक्य होतं: एक थेंब तेल नाही, चव सेम टू सेम.

पहिल्याच रविवारी वडे केले. सारण आईचं, बेसनाचं पीठ आईचं, यंत्र माझं. वडे पिठात बुडवून जाळीवर ठेवले तर पीठ जाळीतून खाली ओघळलं आणि तिथेच वाळून कडक झालं. वर जे राहिलं ते पांढुरकं, भेगा पडलेलं, खडूसारखं. कच्च्या बेसनाचा वास गेलाच नव्हता. बाबांनी दीड वडा खाल्ला आणि म्हणाले, "छान झालेत." बाबा खोटं बोलतात तेव्हा फार सभ्य बोलतात.

महिनाभराने आईला त्यांच्या शर्टाच्या खिशात तेलकट वर्तमानपत्राचा तुकडा सापडला. ते स्टेशनबाहेरच्या गाडीवर जात होते. रोज नाही, पण जात होते. "अहो, निदान सांगायचं तरी," एवढंच आई म्हणाली. मला मात्र त्या दिवशी राग आला तो बाबांचा नाही, त्या यंत्राच्या नावाचा. माझ्या वड्यांनी बाबांचं तळलेलं सोडवलं नव्हतं. त्यांनी फक्त ते घराबाहेर नेलं होतं, जिथे तेल कोणतं आणि कितव्यांदा तापलेलं, हे कुणालाच माहीत नाही.

म्हणून हा लेख. मुद्दा साधा आहे: एअर फ्रायर तळत नाही. ज्यांनी तुम्हाला तो तळतो असं सांगितलं त्यांनी तुमचा स्वयंपाक बिघडवला. आणि ज्या दिवशी तुम्ही त्याच्याकडून तळणाची अपेक्षा सोडाल त्या दिवसापासून तो चांगला चालायला लागेल.

नावातच घोळ

फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात एअरफ्रायर मांडला आणि ते नाव रूढ झालं. आत काय आहे? वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. म्हणजे पंख्याची छोटी भट्टी. ही कल्पनाही नवी नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला पंख्याची भट्टी बनवली होती. तिला कुणी 'हवेची कढई' म्हटलं नाही. आपल्या यंत्राचं नाव 'छोटी जोरदार भट्टी' असतं तर ते कितपत विकलं गेलं असतं, याची मला शंकाच आहे.

आता तळणं म्हणजे काय ते बघा. कढईतलं तेल १७०-१८० अंशांवर असतं. वडा सोडला की तेल त्याला सगळीकडून एकाच वेळी भिडतं. पीठ काही सेकंदांत धरतं, आतल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि कवच फुलतं. हवासुद्धा १८० अंशांची असू शकते, पण ती उष्णता फार हळू पोचवते. १८० अंशांच्या भट्टीचं दार उघडून तुम्ही क्षणभर आत हात नेऊ शकता. १८० अंशांच्या तेलात बोट घालायचा विचार तरी करा. आकडा तोच, पण मार अनेक पटींनी वेगळा. म्हणूनच पातळ पीठ हवेत धरायच्या आत ओघळून जातं. बटाटेवडा, कांदाभजी, मिरचीभजी ही या यंत्राची कामंच नाहीत. तुमची रेसिपी चुकलेली नसते, अपेक्षा चुकलेली असते.

"पण पाकिटातले फ्रेंच फ्राइज तर मस्त होतात!" होतात. पाकीट उलटं करून घटक वाचा, त्यात वनस्पती तेल लिहिलेलं दिसेल. गोठवलेले फ्राइज बहुतेक वेळा कारखान्यात आधीच अर्धे तळलेले असतात. म्हणजे तळण होऊन गेलेलं असतं आणि तुमचं यंत्र ते फक्त तापवून कोरडं करतं. तेलाने केलेल्या कामाचं श्रेय हवा घेते. याच फ्राइजवर दुकानातलं प्रात्यक्षिक होतं आणि याच प्रात्यक्षिकावर यंत्र विकलं जातं.

मग ते करतं काय?

ते वाळवतं आणि भाजतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड घालतात, तसं वाळवणाचं अर्धं काम इथे गरम वाऱ्याने काही मिनिटांत होतं. पृष्ठभागावरचं पाणी उडालं की तिथलं तापमान शंभराच्या वर चढतं. साधारण १४० अंशांपासून प्रथिनं आणि साखर यांची ती प्रक्रिया जोर धरते, जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली केलं. खमंग वास आणि तांबूस रंग तिच्यामुळे. पाणी असेपर्यंत रंग येत नाही. एअर फ्रायरचा सगळा स्वयंपाक या एका वाक्यात आहे.

इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा जास्त कामाची आहे. इंग्रजी रेसिपीत सगळंच 'क्रिस्पी' असतं. आपल्याकडे कुरकुरीत वेगळं, खरपूस वेगळं, खुसखुशीत वेगळं. कुरकुरीत म्हणजे पाणी गेलेलं पातळ कवच. खरपूस म्हणजे भाजून आलेला रंग आणि वास. खुसखुशीत मात्र पिठात घातलेल्या मोहनातून येतं. पहिल्या दोन गोष्टी हे यंत्र उत्तम देतं. तिसरी ते देऊ शकत नाही, ती तुम्हालाच पिठात घालावी लागते. म्हणून नानखटाई तेलात न पडताही खुसखुशीत होते, कारण तूप आधीच आत आहे. आणि म्हणून 'झिरो ऑइल शंकरपाळे' दाताने फोडावे लागतात.

आता हाताची गोष्ट

एक: तेल लावा. हो, लावा. अर्धा किलो बटाट्याला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. ते चार जणांत वाटलं जातं. तेलाचा पातळ थर उष्णता पृष्ठभागावर सारखी पसरवतो, आणि कोरडं पीठ तर तेलाशिवाय शिजतच नाही. रव्यात घोळवलेला बांगडा बिनतेलाचा ठेवला तर बाहेर येताना रवा जसाच्या तसा पांढरा असतो. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा, मग बघा. 'एक थेंब नाही' ही आरोग्याची सूचना नाही, जाहिरातीची ओळ आहे. पंधरा ग्रॅम तेलाची लाज वाटून तुम्ही न खाण्यासारखं अन्न करता आणि मग रात्री अकरा वाजता ॲपवरून बर्गर मागवता.

दोन: कोरडं करा. धुतलेली भेंडी, पनीर, मासा, सगळं फडक्याने टिपून घ्या. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवा, पाच मिनिटं उकळा, निथळून पूर्ण कोरड्या होऊ द्या, मग तेल लावा. २०० अंशांवर वीसेक मिनिटं. मीठ शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. आणि बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांच्यातली साखर वाढते, मग ते शिजायच्या आत काळे पडतात.

तीन: गर्दी करू नका. खोक्यावर चार लिटर लिहिलेलं असतं. लिटर पाण्याचे असतात, फोडींना लागते जागा. एकावर एक थर लावला की वारा अडतो, मधल्या फोडी एकमेकींच्या वाफेत उकडतात आणि तुम्ही यंत्राला शिव्या देता. एकच थर, मध्ये फटी, अर्ध्या वेळेत टोपली हलवणं. चार माणसांना दोन घाणे लागतात, हे मान्य करा. आधी चार मिनिटं रिकामं तापवा. कागद घालायचाच तर त्यावर वजन हवं, नाहीतर तो उडून तारेला चिकटतो. पातळ पोह्यांचंही तेच, ते आत लग्नातल्या अक्षतांसारखे उडतात.

चार: भट्टीची रेसिपी असेल तर तापमान वीस अंशांनी कमी ठेवा आणि लवकर बघायला लागा. दार उघडून बघण्याने काही बिघडत नाही. घड्याळापेक्षा नाकावर विश्वास ठेवा.

पाच, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी: ही यंत्रं बहुधा १४०० ते १५०० वॅटची असतात. सहा अँपिअरचा साधा प्लग पॉइंट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतच झेपतो. म्हणजे सोळा अँपिअरचा मोठा पॉइंट हवा, आणि स्वयंपाकघरात तो एकच असतो आणि तिथे फ्रीज बसलेला असतो. मल्टीप्लगवर लावून 'यंत्र नीट तापत नाही' म्हणू नका. आधी ती वायर हाताला गरम लागते का बघा आणि यंत्र बंद करा.

त्याचं खरं काम

कोथिंबीरवडी आणि अळूवडी आठवा. दोन्ही आधी उकडायच्या, गार करायच्या, कापायच्या आणि मग तळायच्या किंवा तव्यावर परतायच्या. शिजण्याचं काम वाफेने केलेलं असतं, शेवटी हवं असतं ते फक्त कवच. एअर फ्रायर नेमकं तेवढंच करतो. अळूवडीच्या चकत्यांना ब्रशने तेल, १८० अंश, दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटवणं. कडा कुरकुरीत, मधलं चिंच-गुळाचं सारण मऊ. आमच्या आईने न बोलता तिसरी उचलली, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र आमच्या घरात नाही.

सुरणाचे काप, रताळं, शेंगदाणे, मखाणे, चिकनची तंगडी, कालचा शिळा सामोसा: सगळं जमतं. वांग्याचं भरीतही होतं, पण धुराचा वास येत नाही, कारण धूरच नाही. तो हवा असेल तर गॅस पेटवा.

दोन्हीकडच्या शहाण्यांना

एक बाजू म्हणते, हे खेळणं आहे, आमच्या आजीला लागलं नाही. आजीला लागलं नाही कारण दिवाळीत चार दिवस कढईसमोर बसायला आजी होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी साडेआठला लोकलमधून उतरणाऱ्या मुलीला वीस मिनिटं गॅससमोर उभं न राहता भेंडी मिळते, ही थोडी गोष्ट नाही. त्या वीस मिनिटांत ती आंघोळ करते. यंत्राची ही बाजू जाहिरातवाले सांगत नाहीत, कारण त्यांना तेल मोजायचं असतं, बाईचा वेळ नाही.

दुसरी बाजू म्हणते, तळलं नाही ना, मग हवं तेवढं खा. हेही चूक. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. ते तेलामुळे होत नाही, तापमानामुळे होतं. बटाटा हवेत काळपट केला तरी तो काळपटच. सोनेरी रंगावर थांबा. आणि रोज रात्री एक टोपली फ्राइज हे डाएट नाही, कोणत्याही यंत्रातून आले तरी.

माझं भांडण यंत्राशी नाही, 'सेम टू सेम'शी आहे. पथ्य पाळणाऱ्या माणसाला तुम्ही नकली वडा देता तेव्हा त्याला दोनदा फसवता. एकदा चवीत आणि एकदा 'छान झालेत' म्हणायला लावून. त्यापेक्षा सरळ सांगावं: हा वडा नाही, ही दुसरी गोष्ट आहे, ही खाऊन बघा.

आम्ही शेवटी तेच केलं. बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि वड्याचं स्पष्ट विचारलं. डॉक्टर हसले, मग त्यांनी सांगितलं: घरचा, ताज्या तेलातला, महिन्यातून एकदा, मोजून दोन. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आई छोट्या कढईत चार वडे तळते. दोन बाबांचे, एक तिचा, एक माझा. बाकीच्या रविवारी अळूवडी नाहीतर सुरणाचे काप, सोळा अँपिअरच्या पॉइंटवर.

परवा बाबांनी स्वतः टोपली बाहेर काढली, हलवली, परत आत ढकलली. आयुष्यात त्यांनी कढईला हात लावला नव्हता. "अजून तीन मिनिटं लागतील," असं त्यांनी आईला सांगितलं. आई काही बोलली नाही, पण फ्रीजचा प्लग परत लावायचं काम तिने त्यांच्यावरच सोपवलं.