घरचीच माणसं!

"आमच्याकडे कोणी नोकर नाही हो, सगळी घरचीच माणसं." आमच्या पांढरकवड्यात कुठल्याही बऱ्या दुकानात गेलात तर हे वाक्य ऐकायला मिळतं, आणि म्हणणारा बहुधा मनापासूनच म्हणतो. आयुष्यभर शिकवण्यात गेल्यामुळे गावातल्या बऱ्याच काउंटरांमागे माझे विद्यार्थी उभे दिसतात. कापड दुकान, किराणा, कृषी केंद्र, मोबाइलचं दुकान... त्यांच्याशी बोलून माझं जे मत झालंय ते आज लिहितेय. पटलं नाही तर हक्काने सांगा.

आधी चांगली बाजू. "पोरगा दुकानात असतो," हे आईबाप जरा खालच्या आवाजात सांगतात. का बरं? आमचं गाव नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं, तेलंगणाची हद्द जवळ. एक गिऱ्हाईक वऱ्हाडी बोलतं, दुसरं तेलुगू, तिसरं गोंडी नाहीतर कोलामी. दहावीला माझ्या वर्गात काठावर पास झालेली एक मुलगी आज या सगळ्यांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत भाव बोलते. लुगड्याच्या काठावरून बाईचा हात कसा फिरतो यावरून तिला लग्नघरचा खर्च कळतो. याची गुणपत्रिका कोणी देत नाही.

तिचा मालक खरंच भला माणूस. गिऱ्हाइकांसमोर कधी बोलत नाही, गल्ला विश्वासाने तिच्या हाती देतो. तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा त्याने न मागता पैसे दिले आणि महिनाभर तिची जागा राखून ठेवली. इथला सगळा बाजार कापसावर चालतो. कापूस घरात आला की दुकानं फुलतात, पावसाळ्यात माश्या मारायची वेळ येते. त्या मंदीतही हा गृहस्थ कोणाला घरी बसवत नाही. ही काही लहान गोष्ट नाही.

पण याच मुलीचे पाय संध्याकाळी सुजलेले असतात. दिवाळीत आणि लग्नसराईत रात्रीचे दहा वाजतात. गिऱ्हाईक नसतं तेव्हाही सगळी उभीच. मी म्हटलं, "अगं, एक स्टूल माग ना." तर म्हणाली, "बाई, त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, आता स्टूल कोणत्या तोंडाने मागू?"

माझ्या मते चांगल्या मालकाच्या हाताखाली काम करण्यातली मोठी अडचण हीच. खाष्ट मालकाशी भांडता येतं, नोकरी सोडता येते. भल्या मालकाकडे मागताच येत नाही. या मुलीला दुसरीकडे जास्त पगार मिळत होता, तरी गेली नाही. हातउसने घेतलेले पैसे फिटतात, उपकाराचा आकडाच कुठे लिहिलेला नसतो, मग तो फिटणार कसा? शिवाय घरचं माणूस म्हटलं की जादा तासांचा हिशेब विचारायचा नाही, हे आपोआप आलंच.

आमच्या भागातल्या सालगड्याचं बघा. त्याचं जिणं कष्टाचंच, पण गुढीपाडव्याला साल ठरताना पैसे किती, धान्य किती हे बोलून घेतात. दुकानातल्या पोरीला तेवढंही नाही!

कायदा आहे की, असं कोणी म्हणेल. दुकानाच्या परवान्याला आपण 'गुमास्ता' म्हणतो. गुमास्ता म्हणजे पेढीवरचा कारकून. परवान्याला नाव नोकराचं, कागद मात्र मालकाच्या खुर्चीमागे टांगलेला, गंमतच आहे. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने १० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना दिवसाला ९ तास, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी घालून दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १० ची मर्यादा २० वर न्यायला आणि ९ तासांचे १० करायला मान्यता दिली. आमची बहुतेक दुकानं चार-सहा माणसांची. म्हणजे ती या नियमांच्या बाहेर आधीही होती आणि नंतरही राहणार. तिथे उरतो तो फक्त मालकाचा स्वभाव.

केरळात कापड दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी आवाज उठवला. कोळिकोडच्या पी. विजी आणि त्यांची 'पेणकूट्ट' ही संघटना त्यात पुढे होती. २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला आणि बसायची सोय देणं दुकानदारांवर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. खुर्चीसाठी कायदा करावा लागतो, याचं मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. तेही सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानातच असतात. उधारी कापूस विकल्याशिवाय वसूल होत नाही, आणि आता लोक मोबाइलवरून साडी मागवतात. पगार वाढवायला पैसे लागतात हे खरं. पण कामाचे तास, सुट्टीचा वार, जादा वेळेचे पैसे आणि बसायला एक स्टूल, एवढं वहीच्या एका पानावर लिहून दोघांनी सही करायला किती खर्च येतो? भल्या मालकाला तर ते सोपंच जाईल, कारण त्यातलं बरंचसं तो करतोच आहे. आणि उद्या दुकान मुलाच्या हाती जाईल. गल्ला, माल, नाव सगळं त्याला मिळेल, पण बापाचा स्वभाव मिळेलच असं नाही. तेव्हा त्या पोरींना ते पान उपयोगी पडेल.

असो. पुण्या-मुंबईच्या माझ्या भाचेमंडळींना आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी खरेदीला जाल तेव्हा साड्यांचा ढीग उलगडणाऱ्या मुलीच्या मागे बसायला काही आहे का, तेवढं बघा. नसेल तर मालकाला गोड शब्दांत विचारा. तिला विचारता येत नाही, आपल्याला येतं.