खेळ बंद करा आणि कोडिंग शिका!

यंदा चवथीला बहिणीकडे गेलो होतो. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, नेवऱ्यांचा डबा दोनदा रिकामा झाला. सहावीतला भाचा मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकून काहीतरी घोकत बसला होता. मला वाटलं अथर्वशीर्ष. जवळ जाऊन ऐकलं तर स्वारी इंग्रजीत म्हणत होती, "अ व्हेरिएबल इज अ नेम्ड लोकेशन इन मेमरी..."

"काय रे हे?"

"मामा, सुट्टी संपली की कोडिंगची टेस्ट आहे."

"बरं, मग व्हेरिएबल म्हणजे काय?"

त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "ते ऐकलं रे, पण म्हणजे काय?" त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. अर्ज तीन प्रतींत का द्यायचा, असं विचारणाऱ्या माणसाकडे आम्ही कारकून मंडळी त्याच नजरेने पाहतो. असंच असतं!

वही मागून घेतली. व्याख्या सुवाच्य अक्षरात, लूपचे प्रकार, फ्लोचार्टच्या चौकटी पट्टीने आखलेल्या. संगणकावर कधी बसता, तर आठवड्यातून एकदा, एका मशीनवर तिघे. काय करता, तर टीचर फळ्यावर लिहितात ते टाईप करतो. आणि लॅबच्या दारावर पाटी आहे म्हणे: 'गेम खेळण्यास सक्त मनाई'. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नाही. चार शाळांतल्या वह्या उघडल्या तर तीनमध्ये हेच सापडेल, असं मला वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ती पाटी उलटी लावा. लॅबमध्ये गेम खेळायला मनाई ठेवा हवी तर, पण गेम बनवणं सक्तीचं करा. प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी व्याख्येची नाही, खेळाची आहे. आणि हे सांगणारा मी कुणी संगणकतज्ज्ञ नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. म्हणूनच बोलतो. ज्याला ही विद्या सोपी गेली, त्याला ती इतरांना कुठे अडते ते आठवत नाही.

त्याच दुपारी बहिणीचा जुना लॅपटॉप काढला आणि त्यावर स्क्रॅच टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या गटाने ते तयार केलं आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. फुकट आहे. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. त्यात आज्ञा टाईप करायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. त्यामुळे अर्धविराम राहिला म्हणून अर्धा तास रडायची पाळी येत नाही.

"काय बनवूया?" म्हटल्यावर भाच्याने क्षणात सांगितलं, "वरून नेवऱ्या पडणार आणि खाली उंदीर त्या पकडणार." गणपतीच्या दिवसांत दुसरं काय सुचणार!

उंदीर डावी-उजवीकडे हलवणं दहा मिनिटांत जमलं. डावा बाण दाबला की एक्समधून दहा वजा, उजवा दाबला की दहा मिळवा. पडद्याच्या मध्यावर शून्य, डावीकडे उणे दोनशे चाळीसपर्यंत, उजवीकडे अधिक दोनशे चाळीसपर्यंत. उणे संख्या या पोराने गणितात पाठ केल्या होत्या, त्या दिवशी त्याने त्यांच्यावरून उंदीर पळवला. मग नेवरी. वायमधून पाच-पाच वजा करत राहा, सतत. हा लूप. नेवरी उंदराला टेकली तर गुण एकाने वाढव. ही अट. हिरवा झेंडा दाबला, नेवरी पडली, उंदराने पकडली आणि गुण झाले... चौदा!

"मामा, एका नेवरीला चौदा?"

उत्तर जिभेवर आलं होतं, पण गप्प बसलो. आयुष्यात केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींपैकी ही एक. पोरगं पाच-सात मिनिटं पडद्याकडे बघत राहिलं. नेवरी पुन्हा पुन्हा पाडून पाहिली. मग ओरडलं, "ती उंदराच्या अंगातून खाली जाते ना, तेवढा वेळ टेकलेलीच असते! दर वेळी एक-एक गुण मिळतो!" उपायही त्यानेच काढला. टेकली की गुण वाढव आणि लगेच नेवरीला वर पाठव. वर पाठवली तर ती दर वेळी एकाच जागी पडायला लागली आणि उंदीर एका जागी बसून खायला लागला. यात मजा काय? म्हणून मग जागा संगणकानेच मनाला येईल ती निवडायची. यादृच्छिक संख्येचा धडा असा दोन वाक्यांत झाला.

थोड्या वेळाने खेळ पुन्हा सुरू केला तर गुण शून्याऐवजी सदतीसवरून सुरू! मघाचे गुण तसेच होते. पुन्हा विचारात पडला. मग म्हणाला, "डब्यासारखं आहे मामा. आपण रिकामा केला नाही तर मघाच्या नेवऱ्या त्यात असणारच."

वाचकहो, व्हेरिएबल म्हणजे काय ते त्या क्षणी त्याला कळलं. इंग्रजी वाक्य त्याच्याकडे सकाळपासून होतं, समज आली ती दुपारी, आणि आली ती त्याच्या स्वतःच्या भाषेत.

हा काही माझा शोध नाही. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयर्झिग या मंडळींनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. कासवाला आज्ञा द्यायच्या आणि त्याने रेघा ओढायच्या. पॅपर्ट हे जिनिव्हात पियाजेंबरोबर काम केलेले गणिती. १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा, की संगणकाने मुलाला चालवायचं नसतं, मुलाने संगणकाला चालवायचं असतं. आणि चूक म्हणजे लाल शेरा नव्हे, ती शोधून काढायची वस्तू. या गोष्टीला अर्धशतक उलटून गेलं आणि आपण अजून व्याख्या घोकून घेतो आहोत!

आता आक्षेप. मला ते तोंडपाठ आहेत, कारण घरातच ऐकले.

पहिला: आधीच पोरं मोबाईलवर गेम खेळून वाया जातात, त्यात शाळेनेही तेच करायचं? अहो, नाटक बघणं आणि नाटक बसवणं यांतला फरक गोव्याच्या माणसाला मी सांगायला हवा का? गावच्या जत्रेत ज्याने एकदा रंगमंचामागे काम केलं, तो पुढच्या वर्षी नाटक वेगळ्या डोळ्यांनी बघतो. गेम बनवलेल्या मुलाचंही तसंच. मोबाईलवरचा गेम आपल्याला पुन्हा पुन्हा का बोलावतो, बक्षीस नेमकं केव्हा टाकतो, हे त्याला दिसू लागतं.

दुसरा: ही खेळणी कशाला, थेट खरी भाषा शिकवा. जरूर शिकवा, पण दुसऱ्या पायरीवर. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम बरोबर आला काय आणि चुकला काय, मुलाला त्याचं सोयरसुतक नसतं. सरासरी त्याला नकोच असते. नेवरी मात्र त्याला पकडायचीच असते. चुकीमागे धावायचं बळ तिथून येतं.

तिसरा: यंत्रं कुठे आहेत? हा आक्षेप खरा आहे. पण न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवायचे खेळ तयार केलेले आहेत. अंगणात खडूने चौकटी आखा, एकाने उंदीर व्हायचं, एकाने नेवरी, एकाने आज्ञा वाचायच्या. चुकीची आज्ञा दिली की उंदीर तुळशीवृंदावनावर आपटेल आणि सगळे हसतील. एवढ्याने सुरुवात नक्की होते.

माझ्या बाजूचाही एक दोष कबूल करतो. गेम बनवणंसुद्धा घोकंपट्टी होऊ शकतं. टीचरनी ठोकळे दाखवायचे, तीस मुलांनी तेच जोडायचे, तीस एकसारखी मांजरं पडद्यावर चालायची आणि पालकसभेत टाळ्या! सहा वर्षांच्या मुलाला करोडपती करायला निघालेल्या ऑनलाईन शिकवण्यांनी हेच केलं. गेम बनवला हे महत्त्वाचं नाही. चौदा गुण का झाले, हा प्रश्न मुलाला पडू दिला का, ते महत्त्वाचं.

आता आपल्या गोव्याकडे येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर कोडिंग आलं. आपल्या सरकारने 'केअर्स' योजनेतून सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं. चांगलंच झालं. पण ते कुणाच्या पदरात पडतं? सरकारी मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं, खेड्यातलं मूल पाचवीत एकदम इंग्रजीत येऊन पडतं. वर्षभर धडपडतं. सहावीत त्याच्यापुढे कोडिंग येतं तेही इंग्रजी व्याख्येच्या वेशात. मग ते घोकतं, कारण भाषा अजून पुरती ताब्यात नसलेल्या मुलाला तेवढंच करता येतं. शहरातल्या, घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला त्याच व्याख्येतून थोडंफार तरी कळतं. म्हणजे जी विद्या सगळ्यांना एका रेषेवर आणू शकली असती, तीच पहिल्या दिवशी दोन रांगा करते. गेम मात्र भाषा विचारत नाही. नेवरी पडली की पडली, चौदा झाले की चौदा. 'डबा' म्हणून समजलेल्या गोष्टीला 'व्हेरिएबल' हे नाव नंतर सहज चिकटतं. उलट क्रमाने गेलं तर नाव राहतं आणि गोष्ट कधी येतच नाही.

मागणी फार नाही. पहिल्या सहामाहीत व्याख्येचा एकही प्रश्न नको. प्रत्येक मुलाचा एक स्वतःचा खेळ, आणि गुण द्यायचे ते त्यात काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं हे त्याने तोंडी सांगितल्याबद्दल, मराठीत, कोकणीत, जमेल त्या भाषेत. आणि टीचरना आधी स्वतः एक गेम बनवायला वेळ द्या. बिचाऱ्यांना जनगणना, निवडणूक आणि माहितीचे तक्ते यांतून सवड कुठे असते!

असो. टेस्ट झाल्यावर भाच्याला फोन केला. व्हेरिएबलला दोनपैकी दोन.

"डबा लिहिलास का रे?"

"नाही मामा. डबा लिहिला असता तर मार्क गेले असते."