सपाट केलेले लुक्ला

विमानात मी अजून बसलेलो नाही. आमच्या घरातही कोणी बसलेले नाही. तरीही वसतिगृहातील एका मित्राच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर नावाचा जो खेळ आहे, त्यातील आडवळणाच्या धावपट्ट्या खऱ्या धावपट्ट्यांशी ताडून पाहण्याचा नाद मला वर्षभरापासून लागला आहे. 'परीक्षेचे काय?' हा प्रश्न सर्वांचा विचारून झाला. एका आदरणीय सरांनी तर त्यावर 'पोरखेळ' असा शिक्काच मारला. सरांचा मान राखून मी एवढेच म्हणेन की, खेळ पोरांचा असेल, पण त्यातील चूक पोरकट नसते.

मित्रहो, ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात विमान आपण चालवायचे आणि खाली साऱ्या पृथ्वीची जमीन दिसते. या जमिनीला, तिच्यावरील घरे-झाडे-धावपट्ट्यांना सीनरी म्हणतात. ती उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आणि उंचीच्या आकड्यांवरून तयार होते. शहरे बहुधा ठीक उतरतात. पंचाईत होते ती डोंगरात.

नेपाळमधील लुक्लाचे उदाहरण घ्या. एव्हरेस्टकडे जाणारे बहुतेक गिर्यारोहक इथे उतरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंचीवरची ही धावपट्टी फक्त ५२७ मीटर लांब आहे, आणि तिला जवळजवळ १२ टक्के चढ आहे. हिशेब करून पाहा: या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन साधारण ६० मीटरने, म्हणजे वीस मजली इमारतीइतकी चढते. विमान चढावर उतरते, म्हणून तेवढ्याशा जागेत थांबते. उड्डाण उताराकडे, दरीच्या दिशेने होते. वरच्या टोकाला भिंत आणि तिच्यामागे डोंगर. उतरताना चुकले तर पुन्हा वर जाऊन घिरटी घालण्याची सोय नाही. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच धुक्यात एक विमान कोसळून १८ माणसे गेली.

आता या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांची गंमत पाहा. त्यांत विमानतळाला एकच उंची द्यायची रीत होती. त्यामुळे धावपट्टी टेबलासारखी सपाट! डोंगराच्या कुशीत कोणी पाट मांडून ठेवावा तसे ते लुक्ला. उंचीचे आकडे तरी कुठून यायचे? २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. अमेरिकेबाहेरच्या प्रदेशाचे आकडे कित्येक वर्षे लोकांना ९० मीटरच्या अंतराने मिळत होते. म्हणजे ५२७ मीटरच्या धावपट्टीच्या वाट्याला जेमतेम सहा आकडे! त्यातही कड्याच्या आडोशाला रडारची नजर पोचत नाही. तिथे आकड्यांत भोकेच पडतात.

'मग बिघडले काय? खेळात कोण मरतो?' असे विचारले जाते. माझे उत्तर उड्डाणाशी संबंधित नाही, जमिनीशी आहे. ही धावपट्टी १९६४ मध्ये सर एडमंड हिलरींच्या देखरेखीखाली बांधली गेली. हकीकत अशी सांगतात की, हिलरींना ती जवळच्याच सपाट जमिनीवर हवी होती. परंतु तेथील शेतकऱ्यांनी पिकाऊ शेत द्यायला नकार दिला, आणि धावपट्टी उतारावर गेली. जमीन दाबून घट्ट करण्यासाठी शेर्पांना ओळीने पाय आपटत नाचायला लावले, असेही सांगतात. २००१ पर्यंत तिच्यावर डांबर नव्हते. तेव्हा लुक्लाचा उतार हा निसर्गाचा लहरीपणा नव्हे. तो कुणीतरी 'माझे शेत देणार नाही' म्हटल्याचा पुरावा आहे. संगणकावर तो सपाट झाला की त्या शेतकऱ्यांचा नकारही पुसला गेला. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, म्हणून हे मला अधिक लागत असेल. आमच्या गावच्या नकाशात ओढा जिथे दाखवला आहे तिथे तो नाही. पावसाळ्यात पाणी मात्र नकाशा वाचून येत नाही!

चुका शहरांतही होतात. नाही असे नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने नवी आवृत्ती काढली तेव्हा मेलबर्नच्या एका उपनगरात २१२ मजली सुळका उभा राहिला. दोन मजल्यांऐवजी लोकांनी मिळून केलेल्या नकाशात कोणाकडून तरी २१२ लिहिले गेले होते. काही दिवसांतच खेळणाऱ्यांनी ते हेरले आणि जगभर हशा झाला. मेलबर्नचे हसू होते, म्हणून मेलबर्न दुरुस्त होते. लुक्लाचेही नशीब चांगले; त्याच आवृत्तीत ते हाताने घडवले गेले आणि त्याचा उतार परत आला. पण हुमल्यातील सिमीकोट किंवा डोल्पातील जुफाळ यांच्याकडे जगाचे लक्ष किती? तिथे उतार हरवला तर हसायलाही कोणी नाही.

ताडून पाहणाऱ्या आम्हा मंडळींवरही माझा राग आहे. पुष्कळांचे लक्ष छपराच्या रंगावर. टर्मिनलच्या खिडक्या मोजतील, पण धावपट्टीच्या दोन टोकांची उंची पाहणार नाहीत. आधी उतार, मग टोकाचे अडथळे, मग छायाचित्राची तारीख आणि शेवटी छप्पर, असा क्रम हवा. तारखेचे महत्त्व स्कॉटलंडमधल्या बारा बेटावर कळते. तिथे विमाने समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतात. धावपट्ट्यांची टोके लाकडी खांबांनी दाखवली आहेत, आणि वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून ठरते. उपग्रहाने भरतीच्या वेळी चित्र टिपले तर विमानतळ पाण्यात! तिथे एकच चित्र खरे कसे मानणार?

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला हे नवे नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. सुंदर पाठ आणि जुना पाठ यांत सुंदराचा मोह टाळायचा, हीच तिथली शिस्त होती. सीनरी करणाऱ्यांना नेमका तोच मोह आवरत नाही. झाडे हिरवीगार, वाटा स्वच्छ!

म्हणून एक सूचना करतो. आपल्या राज्यात कराड, धुळे येथे छोट्या धावपट्ट्या आहेत. दुर्गम नाहीत, पण सरावाला पुरेशा आहेत. भूगोल विभागाच्या कपाटात स्थलदर्शक नकाशे पडून आहेत. सरांनी किल्ली दिली तर एका शनिवारी नकाशा आणि खेळ शेजारी-शेजारी ठेवून फरक लिहून काढू, आणि पुढच्या रविवारी कुंपणाबाहेर उभे राहून खरे काय ते पाहू. तिघांनी नावे दिली आहेत. एसटीचे भाडे ज्याचे त्याने भरायचे.