हात सुटला, आता पळ

सदर : शिफ्ट सुटल्यावर

सेकंड शिफ्टच्या बस रात्री बाराच्या सुमाराला भक्ती-शक्ती चौकात माणसं उतरवतात. कुणी यमुनानगरकडे चालू लागतं, कुणी ओटास्कीमकडे. माझी भाची चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पायात सेफ्टी शूज, खांद्याला डब्याची पिशवी आणि घरापर्यंत दहा मिनिटांची चाल. गेल्या महिन्यात तिनं एका हॉलमध्ये चार रविवारांचं स्वसंरक्षण शिबिर केलं आणि हौसेनं मला करून दाखवलं. मी मनगट धरलं. अंगठ्याच्या बाजूला झटका देऊन तिनं ते सोडवलं, वळून कोपर उगारलं आणि मुठी आवळून माझ्यासमोर ठाण मांडून उभी राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मग पुढची किक, मावशी."

मनगट सुटलं तेव्हाच तिचं काम झालं होतं. एव्हाना ती माझ्यापासून दहा पावलं लांब असायला हवी होती. ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

कॉलेजात मी चार वर्षं ज्युदो खेळले. त्यानं मला पाठीचा कणा दिला, पडायला शिकवलं, आणि आजही कुठल्याही मुलीला मी ज्युदो, कुस्ती, कराटे शिकच म्हणेन. पण ती लढायची विद्या आहे, समोरच्याला धरून ठेवायची, त्याच्यावर मात करायची. ज्युदोत बायकांचे हलके वजनगट 48, 52, 57 किलो असे चार-पाच किलोंच्या फरकानं पाडलेले असतात, कारण एवढ्या फरकानंही निकाल फिरतो हे खेळाला ठाऊक आहे. त्रिवेणीनगरच्या अंधाऱ्या वळणावर कुणी वजनकाटा घेऊन उभं नसतं. तिथं पंच नाही, शिट्टी नाही, आणि समोरचा एकटाच आहे याचीही खात्री नाही. स्वसंरक्षणाचा हेतू एकच, धडपणे घरी पोचणं. त्यात जिंकायचं काहीच नसतं.

27 जून 2023 रोजी पुण्यात सदाशिव पेठेत एका मुलीवर कोयत्यानं हल्ला झाला. हल्लेखोर तिच्या ओळखीतलाच होता. ती भर रस्त्यातून पळत सुटली, आणि लेशपाल जवळगे या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यानं पुढे होऊन कोयता धरला. त्या दिवशी जीव वाचला तो तिच्या धावण्यानं आणि दुसऱ्याच्या धाडसानं. पळाली म्हणून तिला कमी लेखणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याशी भांडेन.

मदतीला कुणी धावायचं तर आधी हाक ऐकू यायला हवी, म्हणून शिबिरात पहिला धडा आवाजाचा हवा. नुसतं "वाचवा" म्हटलं की गर्दीतला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो. "निळ्या शर्टवाले काका, इकडे या, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही!" असं एकाला उद्देशून ओरडलं, की त्या काकांना पाय उचलावाच लागतो. रात्री उघडं कोणतं मेडिकल, कोणता पेट्रोल पंप, कोणत्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन जागा असतो, हे पाठ हवं. 112 लावायची सवय बोटांना हवी.

मुलांचा धडा वेगळा, आणि तो तर कुणीच देत नाही. आपल्या औद्योगिक पट्ट्यात पोरांची मारामारी सुरू होते खुन्नस देण्यावरून. गाडीला गाडी घासते, "काय बघतो रे?" येतं, आणि जिममध्ये दोन महिने पंचिंग बॅग बडवलेल्याला वाटतं, आता उत्तर दिलंच पाहिजे. "चुकलं भाऊ" म्हणून गाडी काढणं हेच त्याचं स्वसंरक्षण. समोरच्याच्या डिकीत कोयता असू शकतो, हे इथं कुणाला सांगायला नको.

बचाव आणि मारामारी यांच्यात कायदाही हीच रेघ ओढतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जिवाची, बलात्काराची किंवा ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम 38 पाठीशी उभं राहतं. पण कलम 37 बजावतं, बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. तो खाली पडल्यावर, पळायला वाट मोकळी असताना घातलेल्या लाथा बचावात धरल्या जाणं कठीण. आणि रस्त्यावर दोघं हौसेनं भिडले तर कलम 194 दोघांनाही लागतं. शिबिरात हे पंधरा मिनिटांत सांगता येईल. भाचीच्या शिबिरात यातलं अवाक्षर नव्हतं.

गेल्या रविवारी आम्ही दोघी सकाळी दुर्गा टेकडीवर गेलो. ती शिफ्टच्या वेषात, सेफ्टी शूज घालून. मी मनगट धरायचं, तिनं सोडवायचं, पिशवी टाकायची, ओरडायचं आणि वरच्या बाकापर्यंत पळायचं. जड बुटांनी पोटऱ्या भरून आल्या, आवाज मात्र दुसऱ्याच खेपेला मोकळा झाला. सगळ्यात अवघड गेली ती पिशवी. पहिल्या तिन्ही खेपांना ती चार पावलं पळाली आणि डबा उचलायला मागे फिरली.