बाटलीवरचा आकडा, सुईवरचा आकडा

मांजराला साखरेचा आजार होतो असे कोणी सांगितले असते, तर दोन वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो. आमच्या धाराशिवच्या घरातला बोका दहा वर्षांचा, चांगला गुबगुबीत. तो एकाएकी रांजणाखाली सांडलेले पाणीसुद्धा चाटू लागला. लघवी वाढली. खाणे कमी नाही, तरी अंग झडत चालले. पुढे तर मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालू लागला. शेजारणीने सांगितले, कुणीतरी करणी केली आहे. आम्ही त्याला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरसाहेबांनी रक्ताबरोबर लघवीही तपासली. मांजर घाबरले की नुसत्या भीतीनेच त्याच्या रक्तातली साखर चढते, म्हणून एका आकड्यावर विसंबून चालत नाही. पण इथे लक्षणे आणि दोन्ही तपासण्या एकच सांगत होत्या.

हा आजार आपल्या घरांना नवा नाही. खुद्द बाबासाहेबांना तो होता. आमच्या आत्याबाई रोज इन्सुलिन घेतात. "आता मांजरालाही सुई का?" असे त्या कुरकुरल्या, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले ते कुत्र्यांवर प्रयोग करूनच. मुक्या जनावरांचे हे देणे आपल्यावर आहेच.

बोक्याला ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन सुरू झाले. बारा-बारा तासांनी एकेक युनिट, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून टोचले की त्याला कळतही नसे. आठवडाभर सुरळीत चालले, आणि मग चूक झाली ती आमच्याच हातून.

एका संध्याकाळी बोक्याच्या सिरिंजा संपल्या. आत्याबाईंच्या डब्यातली एक घेतली, एकाच्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि दिले. मध्यरात्री बोका खाटेखाली झोकांड्या खात होता. कानाचे रक्त तपासले, साखर ३८! गुळाचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळत बसलो. घशात ओतले नाही, कारण ग्लानीतल्या जनावराच्या फुप्फुसात ते उतरू शकते. पहाटे त्याने मान वर केली, थोडे खाल्ले. डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांचा पहिला प्रश्न : "सिरिंज कोणती घेतली?"

वाचक भगिनींनो, पुढचे नीट वाचा, कारण हे मांजरापुरते नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. सिरिंजाही तशाच दोन. ४० ची बहुधा लाल टोपणाची, १०० ची केशरी. बोक्याची बाटली १०० ची, आत्याबाईंची सिरिंज ४० ची. त्यामुळे एकाच्या रेघेवर अडीच युनिट गेले. माणसाला दहा युनिट सांगितलेले असताना याच चुकीने पंचवीस जातील! उलट झाले, म्हणजे ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज, तर दहाच्या जागी चारच युनिट जातात आणि साखर चढत राहते. दुकानदाराने घाईत पुडी हातात ठेवली तरी दोन्हींवरचे आकडे तिथेच जुळवून घ्या. आता आमच्याकडे दोन डबे दोन फळ्यांवर आहेत.

तपासणीला आत्याबाईंचेच यंत्र चालते. कोमट फडक्याने कान शेकायचा आणि कडेच्या शिरेजवळ बारीक टोचायचे. माणसाचे यंत्र मांजराचा आकडा जरा कमी दाखवते, म्हणून यंत्र बदलू नये. सकाळच्या एका मोठ्या आकड्यावरून डोस कधीही वाढवू नका. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एक रविवार दर दोन तासांनी आकडा लिहिला, तेव्हा कुठे दिवसातली सर्वांत खालची साखर कळली, आणि डोस तिच्यावरूनच ठरतो. मुलीच्या जुन्या वहीत वेळ, खाणे, युनिट आणि साखर लिहितो. बोका जेवला नाही तर आधी डॉक्टरांना विचारतो, मगच सुई.

दूध-भाकरी बंद केली. मांजर मुळात मांस खाणारे. उकडलेली कोंबडी, अंडे त्याला मानवते. मात्र खाणे बदलले की इन्सुलिनची गरज घटते, म्हणून हेही डॉक्टरांना सांगूनच. काही मांजरांची सुई पुढे सुटतेसुद्धा. आमचा बोका अर्ध्या युनिटवर आला आहे. अवघड दुखणे असेल तर उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येते.

उन्हाळ्यात वीज गेली की बाटली कोरड्या डब्यात घालून ओल्या फडक्याच्या मडक्यात ठेवतो. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. आणि वापरलेल्या सुया कचऱ्यात मोकळ्या टाकू नका. त्या कचऱ्यात हात घालणारे आपलेच भाऊ-बहीण असतात. आम्ही त्या झाकणाच्या जाड डब्यात साठवतो आणि डबा भरला की दवाखान्यात नेऊन देतो.